रास्ता पेठेतल्या आजींना

आजी, आमचा सलाम आणि तुमचा ज्यूंचा शालोम, दोन्ही.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून स्वयंपाकघरात निघून जाता. म्हणून इथे, चार लोकांदेखत लिहिते आहे.

सोलापूरहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा रिकाम्या खोल्या भरपूर होत्या, माझं आडनाव कळेपर्यंत. फोनवर ‘लगेच या’ म्हणणाऱ्यांना मी दारात दिसले की भाचा आठवायचा; तो नेमका त्याच खोलीत राहायला येणार असायचा. एका सोसायटीच्या अध्यक्षांनी आधी संविधानावर व्याख्यान दिलं, मग नाही म्हणाले. त्यापेक्षा एजंट बरा. ‘मॅडम, उगाच पेट्रोल जाळू नका,’ एवढंच बोलला.

तुम्ही विचारलंत, ‘यायला उशीर होतो का? मग किल्ली वेगळी देते.’

पण किल्लीपेक्षा मला ती पाटी मोठी. दारावर माझं नुसतं पहिलं नाव लावूया, उगाच कोणाच्या डोळ्यांवर नको, असं मीच सुचवलं होतं. ‘अर्धं नाव कशाला? पत्र परत गेलं म्हणजे?’ म्हणत तुम्ही चष्मा लावून, जाड पेनाने, आडनावासकट माझं पूर्ण नाव पुठ्ठ्यावर लिहिलंत आणि तुमच्या पाटीखाली, चौकटीवरच्या मेझुझाशेजारी, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेल्या त्या छोट्या डबीशेजारी चिकटवलंत. ‘शेख’मधला ख जरा वाकडा आला म्हणून पुन्हा गिरवलात. घरात येता-जाता तुम्ही त्या मेझुझाला बोटं लावून ओठांना टेकवता, तिथेच. त्या रात्री अम्मीला फोनवर हे सांगताना मला धड बोलता येईना.

सहिष्णुतेवर बोलणारी माणसं मला खूप भेटली. त्यांच्याकडे रिकामी खोली कधीच नसते.

मलिदा कालवता कालवता तुम्ही तोरातली, तुमच्या धर्मग्रंथातली गोष्ट सांगितलीत. अब्राहामाची बायको सारा वारली तेव्हा अब्राहामाकडे तिला पुरायलाही जमीन नव्हती. हेब्रोनात हित्ती लोकांपुढे उभा राहून तो म्हणाला, मी तुमच्यातला उपरा, थोडी जागा द्या. ते म्हणाले, आमच्यातल्या उत्तम कबरीत पूर. तरी त्याने 400 शेकेल चांदी मोजूनच मकपेलाची गुहा घेतली. ‘डिपॉझिट!’ म्हणून तुम्ही हसलात. पुढे अब्राहाम 175 वर्षांचा होऊन गेला, तेव्हा त्याच गुहेत त्याला पुरायला त्याची मुलं इसहाक आणि इश्माएल, आमचा इस्माईल, दोघेही आले. एक घरात वाढलेला, दुसऱ्याला आईसकट रानात धाडलेलं. दोघांत काय बोलणं झालं, ते तिथे लिहिलेलं नाही. इस्माईलच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात, हा भाग मात्र तुमच्याकडून कळला.

मग तुम्ही तुमच्या बेने इस्राएल पूर्वजांचं, कोकणातल्या नवगावचं सांगितलंत. जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली, तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. ‘आमच्याकडे तरी कुठे कोणी भाडेकरार मागितला?’

मलिद्यावरून आपला वाद मिटलेला नाही, हे लक्षात असू द्या. तुमचा पोह्यांचा आणि ओल्या खोबऱ्याचा, आमचा उरुसाचा चपाती कुस्करून, तूप-गुळाचा. माझं मत बदललेलं नाही.

ईदला येतेच आहे. मटणावर दुधाचं तुम्हाला चालत नाही; तुमच्याकडे दुपारी मटण झालं असलं तरी चालावं म्हणून शीरखुर्मा नारळाच्या दुधात करते. बिघडला तर नावं ठेवा, पण खा.

तुमची,
वरच्या खोलीतली