फवारणीची विषबाधा: बाटलीवरचं नाव पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

फवारणीचा सीझन आला की पेपरात विषबाधेच्या बातम्या सुरू होतात, 2017 ला आमच्या यवतमाळात काय झालं ते सगळ्यांनाच माहितीय, पण बातमीत दरवेळी एवढंच असतं की कीटकनाशक फवारताना शेतमजुराला विषबाधा, उपचार सुरू. अहो पण कोणतं कीटकनाशक? मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो म्हणून असेल, पण मला हे फार खटकतं.

नसेकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीनमार्फत, आणि निरोप पोचला की ते लगेच तोडायला ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम बसलेलं असतं. त्याच्यात एक अरुंद खोल घळ आहे, तळाशी सेरीन नावाचं अमिनो आम्ल, ॲसिटिलकोलीन तिथं उतरतं, तुटतं, त्याचा एक तुकडा सेरीनला क्षणभर चिकटतो, पाणी त्याला सोडवतं की जागा मोकळी, असं एकेक एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू उरकतं. आमची पोरं 1894 ची फिशरची कुलूप-किल्लीची आकृती काढतात, एन्झाइम म्हणजे कुलूप आणि त्यात बसणारा रेणू म्हणजे किल्ली, किल्ली बसली की उत्तर संपलं, ती निघते कशी ते कोणी लिहीतच नाही! ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक नेमकं त्याच सेरीनला चिकटतं आणि पाण्याने जवळजवळ सुटतच नाही. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं, तोंडाला लाळ, घाम, बाहुल्या बारीक, अंग थरथरणं आणि शेवटी श्वास बंद.

दवाखान्यात देतात त्या ॲट्रोपिन औषधाने लाळ, छातीतला चिकटा आवरतो, पण एन्झाइम सुटत नाही. सोडवायला दुसरं औषध, पॅम म्हणजे प्रालिडॉक्झिम, तेही अडकलेलं एन्झाइम कायमचं बाद व्हायच्या आत. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटमधे निम्मं एन्झाइम चारेक तासातच बाद होतं, क्लोरपायरीफॉसमधे त्याला साधारण 33 तास लागतात. मेथोमिलसारखी कार्बामेट गटातली कीटकनाशकं तर काही तासात एन्झाइमपासून आपोआप सुटतात, आणि पायरेथ्रॉइड या तिसऱ्या गटाचा या एन्झाइमशी संबंधच नाही. पॅमवर डॉक्टरांचंही एकमत नाही बरं का, 2006 ला बारामतीच्या अभ्यासात सलग सलाइनमधून दिल्यावर मृत्यू कमी झाले, 2009 ला श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. तो वाद त्यांचा, पण बाटलीत काय होतं ते दोन्हीकडे विचारावंच लागतं ना.

म्हणून विनंती, बातमीत ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात जे घटकाचं नाव असतं ते छापा, आणि सीझनभर एक छोटी चौकट द्या की पेशंटसोबत बाटली किंवा निदान लेबलचा फोटो दवाखान्यात न्या. रिपोर्टरला त्यासाठी एक फोन जास्तीचा करावा लागेल फक्त.

- एक शिक्षक, जि. यवतमाळ