आधी कविता, मग कथा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नावाजलेले कवी. गजाननरावांनी मात्र लिहिले हिंदीत, आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात जाण्याआधीची बरीच वर्षे नागपुरात काढली. त्यांची 'ब्रह्मराक्षस' ही कविता आणि 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा एकत्र शिकवली की विद्यार्थ्यांचे उत्तर ठरलेले असते : कथा आवडली, कविता डोक्यावरून गेली. आमच्या मते यात मुलांचा दोष नाही, क्रमाचा आहे.

सोपी म्हणून कथा आधी वाचली जाते. दक्षिणेकडच्या खेड्यातला, बापाने घराबाहेर काढलेला मुलगा काशीत येतो, एका भव्य वाड्यात गुरूजवळ बारा वर्षे शिकतो. शेवटच्या जेवणात खिचडीवर तूप हवे असते, तर गुरूचा हात लांबत लांबत दुसऱ्या दालनात जातो आणि तुपाची लोटी घेऊन येतो. पिंपळावरचा मुंजा नि समंध ऐकत वाढलेल्या मुलांना हे लगेच पटते. विद्या देण्याजोगा शिष्य मिळाला नाही म्हणून गुरू ब्रह्मराक्षस होऊन अडकला होता. आता तो सुटला, आणि पुढे कुणाला शिकवेपर्यंत शिष्य अडकला. हिशेब चोख.

मग हाच हिशेब मुले कवितेत शोधतात आणि अडतात, कारण तिथे तो नाहीच. कवितेत शिष्यच नाही. गावाबाहेरची ओसाड बारव, भोवती औदुंबर, तगर, लाल कण्हेर. आत ब्रह्मराक्षस अहोरात्र अंग घासतोय आणि मळ जात नाही. कथेचा काळ जुना वाटतो. इथे मार्क्स, रसेल, सार्त्र, गांधी एका दमात येतात. शेवटी तो काटेरी झुडपात मेलेल्या पाखरासारखा संपतो, कुणीही सुटत नाही. त्याचा शिष्य व्हावे, अर्धे राहिलेले काम पुढे न्यावे, ही फक्त कवितेत बोलणाऱ्याची इच्छा आहे. कथा आधी वाचलेली मुले ही इच्छा पुरी झाली असे धरून चालतात आणि उत्तरपत्रिकेत 'शेवटी ब्रह्मराक्षसाला मुक्ती मिळते' असे लिहितात. गाइडमधला सारांश या चुकीला खतपाणीच घालतो.

म्हणून कविता आधी घ्यावी. अर्थ न सांगता मोठ्याने, ओळी तुटतात तिथे थांबत वाचावी. दहा-बारा मिनिटे लागतात. अंग घासण्याच्या जागी वर्गात हसू फुटते. फुटू द्यावे, दटावू नये. मळ निघत नाही हे कळले की ते आपोआप विरते. लगेच प्रत्येकाने चार-पाच ओळींत काय दिसले ते लिहावे. काय समजले हे विचारूच नये. ते कागद गोळा करून बाजूला ठेवावेत आणि कथा पुढच्या तासाला काढावी.

मग दोन्हींत पायऱ्या येतात त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढायला सांगावे. कथा सुरूच होते ती आठव्या मजल्यावरून उतरणाऱ्या शिष्यापासून, आणि त्याचा चेहरा आतल्या उजेडाने लाल झालेला आहे. कवितेतला जिना काळोखा; तिथे चढणे, उतरणे, पुन्हा चढून गडगडणे, पायात मुरगळ, छातीवर जखमा. एकच प्रतिमा, पण कथेत शिकून झालेला माणूस उतरतो आणि कवितेत पूर्णत्वाच्या हट्टापायी माणूस फुटतो. हा फरक व्याख्यानाने उमगत नाही, रेघांनी दिसतो. त्यानंतर आधीचे कागद परत द्यावेत. कवितेला नावे ठेवणाऱ्यांपैकी काहींना आपल्याच ओळी तेव्हा बऱ्या वाटू लागतात. सगळ्यांना नाही, आणि तशी सक्तीही नको. ज्याला कथाच भावली त्याने तसे कारणांसह लिहिले तर गुण का कापायचे?

'तीसरा क्षण' या लेखात मुक्तिबोध सांगतात की अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसी होतो आणि मग शब्दांत उतरतो. पदवीच्या वर्गात हे शेवटी सांगावे. सुरुवातीलाच सांगितले तर मुले 'फँटसी' हा शब्द पाठ करतात आणि बारव बघायची राहून जाते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती : 'कवितेचा आशय स्पष्ट करा' याऐवजी 'कवितेत शिष्य का नाही?' असे विचारून पाहा. गाइडमध्ये त्याचे तयार उत्तर सापडणार नाही.

आपले,
काही भाषा-अध्यापक, नागपूर