लांबच्या लिंकवर पैसे टाकण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहते. तुमचा पेपर रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर वाचते. तुमच्या कितीतरी वाचकांची मुलं-सुना इकडे आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. इथे कुठेही पोटनिवडणूक लागली की आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धडाधड डोनेशनच्या लिंक यायला लागतात, पाच डॉलर द्या, दहा द्या, आज रात्री बाराच्या आत द्या, आणि आपली माणसं देतात पण. मीही दिलेत, पुढेही देईन. पण ते कुठे जातात आणि तिथे त्यांची गरज तरी आहे का, हे कोणी विचारत नाही.

२०१७ ला आमच्याच मतदारसंघात हे सगळं डोळ्यांदेखत झालं. टॉम प्राइस ट्रम्पच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले, त्यांची अमेरिकी संसदेतली जागा रिकामी झाली, आणि तिशीतला जॉन ऑसॉफ नावाचा पोरगा डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभा राहिला. ही जागा १९७९ पासून रिपब्लिकन लोकांकडे होती! पण देशभरातून ऑनलाइन पैसे यायला लागले ते थांबेचनात, शेवटी त्याच्याकडे २ कोटी ३० लाख डॉलरच्या वर जमले, त्यातले बरेचसे जॉर्जियाच्या बाहेरून आलेले. १८ एप्रिलला पहिल्या फेरीत त्याला ४८ टक्के मतं मिळाली, पन्नास पार झाली नाहीत म्हणून २० जूनला पुन्हा मतदान. मधल्या दोन महिन्यांत टीव्ही लावायची सोय नव्हती, एका ब्रेकमध्ये तीच जाहिरात दोनदा, पोस्टाच्या पेटीत रोज ढीगभर पत्रकं. आणि समोरच्यांनी त्याच पैशाचं हत्यार केलं, हा आपला नाही, हा सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांचा उमेदवार आहे अशा जाहिराती केल्या. रिपब्लिकन पक्षाच्या कॅरेन हॅन्डेल निवडून आल्या, फरक नऊ हजार मतांच्या आसपास.

त्या उन्हाळ्यात माझे सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांनी उभा जन्म निवडणुकीत बूथवर टेबल टाकून मतदारांना चिठ्ठ्या लिहून दिल्यात. त्यांनाही पन्नास डॉलर द्यायचे होते, म्हणाले तुझ्या कार्डावरून भर, मी रोख देतो. मी नाही म्हटलं, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, व्हिजिटर व्हिसा किंवा नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्यांना चालत नाही, आणि दुसऱ्याचे पैसे आपल्या नावावर देणं हासुद्धा गुन्हाच. पैसे न घेता काम मात्र कोणीही करू शकतं. मग बाबा आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे, नखाने घडी दाबून, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून रबर लावायचे. एकदा मध्येच थांबून म्हणाले, पैसा आला गं, पण गल्लीतल्या माणसाला ओळखणारं कोण हाय तुमच्यात? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

आमच्या फेरमतदानाच्याच दिवशी, २० जूनला, शेजारच्या साउथ कॅरोलिनात पण पोटनिवडणूक होती. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाकडून आर्ची पार्नेल उभे होते. आमच्या ग्रुपवर त्यांचं नाव एकदाही आलं नाही, आमच्याकडच्या पैशापुढे त्यांच्याकडे आलेला पैसा म्हणजे काहीच नाही. आणि ते हरले ते तीन हजारांपेक्षा कमी मतांनी, टक्क्यांतसुद्धा ऑसॉफपेक्षा कमी फरकाने! मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या टीव्हीवर पन्नासाव्यांदा लागणाऱ्या जाहिरातीचे पैसे तिकडे गेले असते, आमच्यातल्या दोन-चार गाड्या शनिवार-रविवार तिकडे गेल्या असत्या तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

आणि हे अजून तसंच चाललंय. १ एप्रिल २०२५ ला फ्लोरिडातल्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉश वाइल यांच्यासाठी असाच जवळपास एक कोटी डॉलर जमला, जिथे २०२४ ला ट्रम्प ३० टक्क्यांनी पुढे होते अशा जागेवर. ते १४ टक्क्यांनी हरले. फरक निम्म्यावर आला हे खरंच मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही, पण ज्याने महिन्याच्या खर्चातून वीस डॉलर काढून दिले त्याला ही जागा किती अवघड आहे ते आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. आता तर कोणाच्याही नावाने मेसेज येतात. मी एकदा उमेदवाराचं नाव बघून २५ डॉलर दिले, ते गेले भलत्याच संस्थेला, वर दर महिन्याचा टिक आधीच मारलेला होता तो दिसला नाही, पाच महिने पैसे कटत होते तेव्हा कळलं. म्हणून लिंक दाबायच्या आधी मागच्या वेळी तिथे किती फरकाने निकाल लागला ते बघा, पैसे उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यात जातात का ते बघा, आणि द्यायचेच तर लवकर द्या, शेवटच्या आठवड्यात दिलेल्या पैशाचं बिचारे करणार काय, जाहिरातीच ना.

आमच्या इथे टिकलं ते वेगळंच काहीतरी. २०१७ ला ऑसॉफसाठी दारोदार फिरलेल्या बायका घरी बसल्या नाहीत, त्यांच्याकडे कुठल्या घरात कोण राहतं याच्या वह्या होत्या, आणि नोव्हेंबर २०१८ ला त्याच जागेवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या लूसी मॅकबाथ यांनी हॅन्डेल यांना हरवलं, एका टक्क्याच्या आसपास फरकाने. हे बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिलं काय विचारलं, तर वह्या नीट जपून ठेवल्यात ना.

आता राज्याच्या विधानसभेच्या पोटनिवडणुका लागतात, त्यांच्या लिंक कोणी पाठवत नाही, आणि मतदान इतकं कमी होतं की काही वेळा शे-दोनशे मतांवर निकाल लागतो. यापुढे आमच्या आसपास अशी निवडणूक लागली की मी दोन शनिवार मोकळे ठेवणार आहे. अटलांटाच्या आजूबाजूला ज्यांची मुलं आहेत त्यांनी त्यांना हे पत्र जरूर पाठवा, माझ्या गाडीत चार जागा आहेत, डबा मी आणीन.

आपली,
एक वाचक, अल्फारेटा, जॉर्जिया