किती फुटांना घर सोडायचं, ते आत्ताच ठरव

पुणे, २० मे

प्रिय नंदू,

सांगलीत, तेही गावभागात, तळमजल्याचं घर घेतलंस हे ऐकून फार आनंद झाला. माझं सगळं लहानपण त्याच बोळांत गेलं. पण परवा फोनवर तू म्हणालास, "पूर आला की बघू," ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तू लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं तुमच्या गावाला पाणी गेलं, ते याच कृष्णेचं. तिचं पावसाळ्यातलं रूप तू अजून पाहिलेलं नाहीस. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरलं. सांगलीत तसं होत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडवरून इथं यायला वेळ लागतो. पुढं हरिपूरला वारणा मिळते. तीही भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं आणि पातळी सावकाश चढत राहते. या संथपणानंच माणूस फसतो. आपल्या हातात एखाददोन दिवस असतात आणि ते "अजून वाढणार नाही" म्हणण्यात जातात.

कृष्णेची पातळी मोजतात त्या सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात गावात जो तो "पुलाला किती?" एवढंच विचारतो. पण हे आकडे शहराचे झाले, तुझ्या घराचा आकडा वेगळा आहे आणि तो तुलाच काढायचाय. २०१९ ला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. शेजाऱ्यांना विचार, तुझ्या भिंतीवर तेव्हाची खूण कुठं होती. समजा ती उंबऱ्यापासून पाच फुटांवर असेल, तर पुलाला साडेबावन्न झाले की पाणी तुझ्या दारात, असा ढोबळ हिशोब. पण बोळाचं तोंड त्याआधीच बुडतं, गटारं उलटी वाहायला लागतात, म्हणून त्यातून आणखी पाचेक फूट वजा कर. उरेल तो तुझा निघायचा आकडा. तो आत्ता, कोरड्या दिवसांत, वहिनींसमोर आणि काकूंसमोर ठरव. पुलाला तेवढे झाले की चर्चा नको, विश्रामबागेला तुझ्या मावसभावाकडं जायचं.

एवढा आग्रह का, तर २०१९ ला आमच्या बोळात सगळ्यांनी २००५ ची खूण धरली होती. त्या खुणेच्या वरच्या फळीवर सामान ठेवलं आणि लोक घरातच थांबले. पाणी त्याहून तीन-चार फूट वर गेलं. मग अंधारात, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन बोटीची वाट बघणं आलं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली, लोक गेले. पाय टेकत असतानाच चालत निघणं केव्हाही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

काकूंचं आधी बघ. त्यांच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या जादा असू देत, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू दे. इन्सुलिन थर्मासमध्ये न्यायचं, पण बर्फाला थेट लागू देऊ नकोस, गोठलं की ते वाया जातं. पाणी चढलं की महावितरणला वीज बंद करावीच लागते, तेव्हा फ्रिजचा भरवसा धरू नकोस. थोडी रोकड जवळ ठेव. घराची कागदपत्रं, रेशनकार्ड, पासबुकं, विम्याचे कागद एकाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये.

निघताना मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर वर चढव किंवा खिडकीच्या गजाला बांध. सिलिंडर पाण्यावर तरंगतात आणि वाहून जातात. इन्व्हर्टर तर आताच वरच्या मजल्यावर हलव. संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडाशी वाळूची पोती दाबून ठेव, कारण घाण पाणी दाराआधी तिथून येतं. गाडी दोन दिवस आधीच मिरजेच्या बाजूला उंचावर लाव.

परत आल्यावरची घाई त्याहून वाईट. वायरमन बघून जाईपर्यंत एकही बटण दाबायचं नाही. गाडी बुडालीच, तर चावी फिरवायची नाही. गाळ ओला असतानाच काढ, वाळला की फरशीला चिकटून बसतो. पण त्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसह प्रत्येक खोलीचे फोटो काढ, पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, धुऊन, क्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नका आणि पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. हातापायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नकोस, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते. अडीअडचणीला जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर वहिनींच्या फोनमध्येही घालून ठेव.

जूनच्या पहिल्या रविवारी मी येतोय. तोवर शेजाऱ्यांकडून २०१९ ची खूण विचारून ठेव, उंबऱ्यापासून टेपनं मोजू. काकूंना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
दिलीप