साताऱ्यावरून गेले आणि घरी आले नाही

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, पासबुक भरून आणलं, तुला पैसे कमी पडतायत का गं? मी म्हटलं नाही हो, का? तर म्हणे काही नाही, डिसेंबरात एकाच दिवशी दोनदा शंभर-शंभर रुपये काढलेस म्हणून विचारलं. एवढंच. सातारा हा शब्द तुम्ही काढला नाहीत बाबा, पण त्या एंट्रीपुढे गावाचं नाव छापून येतं हे मला माहितीये, आणि मागे आई जी भांडी आपटत होती त्यावरून तिलाही कळलंय हे मला कळलं. कॉलेजात उघडलेलं जॉइंट खातं अजून चालू ठेवल्याचे परिणाम. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, आई तरी रडेल नाहीतर मी तरी, म्हणून लिहितेय.

हो, त्या दिवशी मी साताऱ्यात होते. जाताना साडेअकराला आणि येताना चारच्या सुमारास. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आणि आले नाही.

तुम्हाला वाटतं रविवारी सकाळी ग्रुपबरोबर सायकलने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते, मिसळ खाते आणि परत येते. तसंच होतं आधी. मग पावसाळ्यात ताम्हिणी झालं, ऑक्टोबरात ग्रुपची सिंहगडावर टाइम ट्रायल झाली (गोळेवाडी नाक्यापासून वर नऊएक किलोमीटर चढ, एकेकाला सोडतात आणि घड्याळ लावतात, मी बायकांत शेवटून दुसरी आले, शेवटची ताप अंगावर काढून आली होती). रेस हे काही माझं काम नाही हे तिथेच कळलं. ग्रुपमधली पोरं नोव्हेंबरात पुण्याहून गोव्याला रिले करून गेली, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, मागे गाडी, गाडीत स्वयंपाक, ते वेगळंच जग. मी धरलं ते बीआरएम, म्हणजे ठरलेलं लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पूर्ण करायचं. त्यात रेस नसते, नंबर काढत नाहीत, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, वेळेत आला की झालं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. हे चारही एका सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, पूर्ण केले की सुपर रॅन्डोनर म्हणतात. २०० नोव्हेंबरात झालं, ३०० डिसेंबरात, ४०० याच महिन्यात. हो, ४०० पण झालं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले तेव्हा पायऱ्या उलट्या उतरत होते ते त्यामुळे.

तर ते ३०० पुणे-उंब्रज-पुणे होतं, म्हणजे साताऱ्यावरून जाणं आलंच. वाटेत ठरलेल्या ठिकाणी (त्याला कंट्रोल म्हणतात) आपण आलो होतो याचा पुरावा लागतो, कुठे माणूस बसून कार्डावर शिक्का मारतो आणि कुठे कोणीच नसतं, तिथे एटीएमची पावती चालते कारण तिच्यावर गाव आणि वेळ दोन्ही येतं. तेच ते शंभर रुपये. पैसे कमी पडत नाहीयेत बाबा.

घरी का नाही आले, याची कारणं मी महिनाभर जमवतेय. वेळ बांधलेला होता. अंगाला घामाचं मीठ फुटलेलं, आणि आईला ज्या चड्डीचा राग आहे तीच घातलेली. पण खरं सांगायचं तर मला भीती होती की मी आले की आई गरम पाणी काढणार, वरणभात लावणार आणि म्हणणार, पुरे आता, टाक ती सायकल एसटीच्या टपावर. आणि मी टाकली असती. येताना तर गुडघा इतका दुखत होता की पुलाखाली पाच मिनिटं नुसती उभी होते, समोर अजिंक्यतारा दिसत होता, आता आईने चहा टाकला असेल असं मनात आलं आणि मी घाईघाईने पावती घेऊन पळाले. पळाले हाच शब्द आहे. आई, तू चांगली आहेस म्हणून नाही आले, हे वाचायला विचित्र वाटेल पण तसंच आहे.

अजून एक, सगळं एकदाच सांगून टाकते. दिवाळीत माझ्या कोपराला पट्टी होती ती बाथरूममध्ये पडून नव्हती. बोपदेव घाट उतरताना वळणावर खडी पसरलेली होती, चाक सरकलं. दोन टाके. हेल्मेटला ओरखडा, डोक्याला काही नाही. तुमच्या जावयांना माहीत होतं, त्यांना रागावू नका, मीच गप्प बसवलं होतं. चिकूला पण.

आणि काळजी करू नका म्हणजे खरंच नका. हेल्मेट असल्याशिवाय सोडतच नाहीत, रात्रीच्या रस्त्याला पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं, नसेल तर घरी पाठवतात. माझे दिवे पॉवरबँकवर चालतात, बाबांच्या डायनामोसारखं चढावर मिणमिण करत नाहीत. खाणंही व्यवस्थित असतं, दर तासाला काहीतरी तोंडात टाकायचंच असा नियम केलाय, उकडलेले बटाटे, केळी, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू, आणि दुपारी कुठेतरी दहीभात. एकटी कधीच नसते. माझ्याबरोबर बँकेतून रिटायर झालेले एक काका असतात, एकसष्ट वर्षांचे, चढावर माझी वाट बघत थांबतात आणि वर शेंगा सोलून ठेवतात. शिवाय शुगर. आई, तुझीच देणगी. दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांची सरासरी ६.३ आली होती, आता ५.७ आहे, एकही गोळी नाही. म्हणजे हौस आहेच, पण नुसती हौस नाही.

बाबा, तुम्ही आईसमोर मला रागावाल पण मनातून रागावणार नाही. नाशिकचे ते डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये दोघांनी मिळून अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करून आले, नऊ दिवसांच्या आत, तेव्हा पेपरातलं कात्रण कापून मला कुरियरने कोणी पाठवलं होतं? समासात पेनाने 'वाच' लिहून? ते अजून माझ्या कपाटात आहे. आणि अ‍ॅटलसच्या दांडीवर टॉवेलची घडी बांधून मला शाळेत कोण सोडायचं? चढ आला की तुमचा श्वास माझ्या डोक्यावर गरम लागायचा आणि तुम्ही म्हणायचात, बोलू नको, मोज. मी पायडल मोजायचे. खंबाटकीत अजून मोजते. आजूबाजूची पोरं कानात गाणी लावून चढतात आणि मी एकशे चार, एकशे पाच करत असते.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढी पानं भरली. फेब्रुवारीत ६०० आहे आणि ते नेमकं बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या शनिवारी आलंय. मी फी भरलीये. आणि तुम्हाला न विचारता डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन करून ऑपरेशन पुढच्या मंगळवारवर ढकललंय. पिकतोय तो मोतीबिंदूच, तीन दिवसांनी काही बिघडत नाही हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. माहितीये, तुम्ही त्या शनिवारसाठी दुधवाल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलंय. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तू जा, आमचं आम्ही बघू, आणि मग आत्याच्या वेळी केलंत तसं रिक्षाने दोघंच दवाखान्यात जाऊन बसला असतात. ते नको होतं मला. मी रविवारी रात्री संपवते, सोमवारी दुपारी स्वारगेटवरून विनाथांबा धरते आणि रविवारपर्यंत तिथेच आहे, रजा मंजूर झालीये. ड्रॉप मी घालणार. मागच्या डोळ्याच्या वेळी आठव्या दिवशी वाकून कुंड्या उचलल्या होत्यात ते मी विसरलेले नाही. आईने त्या आठवड्यात स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि मी करेन ते मीठ कमी आहे वगैरे न म्हणता खायचं.

रस्त्याचं म्हणाल तर पुण्याहून संकेश्वरच्या पुढे जाऊन वळायचं आणि परत. सातारा ते कागल सहापदरी करण्याचं काम चालू आहे, डायव्हर्जन आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, पण तो पट्टा मी जाताना उजेडात करणार आहे. रात्री कोल्हापुरात लॉजवर तीन तास झोप. चार म्हणाले तरी तीनच. फ्रान्सला वगैरे जाणार नाहीये, आधीच सांगते, कारण चिकू तुम्हाला सांगेलच की तिकडे दर चार वर्षांनी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं १२०० किलोमीटरचं असतं आणि पुढचं २०२७ ला आहे. तो काहीही बोलतो. निदान सध्या तरी काही ठरलेलं नाही.

आणि एक मागणं. या वेळी साताऱ्यात एटीएम नाही, माणसं बसवलेला कंट्रोल आहे, वाढे फाट्याजवळ. वाटेत कुठेही घरच्यांची मदत घेतलेली चालत नाही पण कंट्रोलवर चालते. तर याल का? शनिवारी नको, शनिवारी मी फ्रेश असते, उगाच टाटा करून निघून जाईन. रविवारी या, बारा-साडेबाराच्या सुमाराला. दोन चाळीसला तो कंट्रोल बंद होतो, तोपर्यंत आले नाही तर समजा गाडीत बसून येतेय, घाबरू नका, फोन करेन. आई, येताना दहीभात आण, मऊ, तिखट नको, लोणचं चालेल, आणि काकांसाठी पण थोडा जास्त. चेहरा बघून काही बोलू नकोस. पुरे म्हणू नकोस. मला पंधरा मिनिटं बसू दे आणि मग उठ म्हण, शाळेच्या वेळी म्हणायचीस त्याच आवाजात.

बाबांनी गॉगल लावायचा, धूळ असते. आणि बाबा, रिक्षाने या. अ‍ॅटलस बाहेर काढायची नाही, एका डोळ्याने हायवेला तर नाहीच नाही. तिच्यात हवा भरून ठेवलीये हे आईने मला सांगितलंय.

तुमची,
मनी