समीरचा फुटबॉल सोडवू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "समीर शिरोलीच्या फाउंड्रीत कायम झालाय, आता बॉल पुरे." आईनेही री ओढली. फोनवर मला धड बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

इथे स्कॉटलंडमध्ये डंडीहून रेल्वेने थोड्याच वेळात आर्ब्रोथ येतं, मासेमारीचं छोटं गाव. तिथल्या क्लबकडून बॉबी लिन नावाचा मिडफिल्डर 2013 पासून दहा वर्षं खेळला. जन्म 1985 चा, डंडीचाच. सुरुवातही डंडी क्लबातूनच. पुढे पीटरहेड, ईस्ट फाइफ, मॉर्टन अशा क्लबांकडून खेळत आर्ब्रोथला आला आणि तिथलाच झाला. नोकरी कसली? आपल्याकडे घंटागाडी येते ना, तसल्या गाडीवर कचरा उचलायची. आठवडाभर ते काम आणि शनिवारी दुपारी तीनला मॅच. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. कामावरून कुणी त्याला कमी लेखलं असं मी तरी ऐकलं नाही.

इथे चार डिव्हिजनमध्ये मिळून 42 क्लब आहेत. खालच्या दोन डिव्हिजनमध्ये बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी सुतार, कुणी शिक्षक. करार वर्षा-दोन वर्षांचा, त्यावर घर चालत नाही. दिवसभर राबून संध्याकाळी सरावाला जायचं, पावसात, अंधारात. तरी जातात.

आर्ब्रोथचं गेफील्ड मैदान तुम्ही बघायलाच हवं, बाबा. भिंतीपलीकडे लगेच समुद्र. भरती आणि वारा एकदम आले की स्टँडपर्यंत खारं पाणी उडतं. कॉर्नरला ठेवलेला बॉल घरंगळतो, परत ठेवायचा, परत घरंगळतो. गोलकीपरने उंच मारलेला बॉल वाऱ्यात अडकून मागे येतो. अशा मैदानावर बॉल जमिनीलगत ठेवून विंगने पुढे काढणारा माणूस किती कामाचा, हे तुम्हाला मी काय सांगणार!

2018-19 च्या हंगामात तिसऱ्या डिव्हिजनच्या खेळाडूंनी मतं देऊन बॉबी लिनलाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. त्याच वर्षी आर्ब्रोथने ती डिव्हिजन जिंकली. 2021-22 मध्ये तर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये नोकरदार खेळाडूंचा हा एकटा संघ थेट दुसरा आला. किल्मार्नॉकने पहिला नंबर मारला, पण आर्ब्रोथने शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस आणला होता.

समीर तेवीसचा आहे. त्याच्या वयाला खेळ सोडायचा, तर मग कधी खेळायचं? बाबा, तुम्हीही दिवसा वर्कशॉप आणि संध्याकाळी गांधी मैदान केलंत. मॅचच्या दिवशी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ लोटायची, तेव्हा आईसुद्धा निकालाची वाट बघत दारात उभी असायची, मला आठवतंय.

समीरच्या गुडघ्याला इजा होईल ही आईची भीती मात्र खरी आहे. इथेही दुखापत झाली की खेळाबरोबर नोकरीचाही प्रश्न येतो. म्हणून त्याला अपघात विमा काढायला लावा. सूज असताना पेनकिलर घेऊन मैदानात उतरायचं नाही, हे आईने बजावून सांगावं, तिचं तो ऐकतो. लीग सुरू असेपर्यंत पहिली पाळी मिळते का, हे त्याने सुपरवायझरला आत्ताच विचारावं. ऐन मॅचच्या आठवड्यात विचारलं तर कुणी देणार नाही.

एवढं करून बघा. दोन हंगाम खेळू दे, मग त्याचं तो ठरवेल. लग्नाचं बघायला माझी ना नाही, पण मुलीकडच्यांना आधीच सांगा की मुलगा फुटबॉल खेळतो आणि खेळणार आहे.

रविवारी फोन करते, तेव्हा समीरला घरी थांबवा. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची,
अश्विनी