तोंडाची चव गेल्यावर खायचं काय, ते पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कॅन्सर पेशंटच्या आहारावरचा लेख वाचला. ब्रोकोली, किन्वा, अव्होकाडो. आमच्या बाजारात ब्रोकोली येते कधीमधी, ती पण पिवळी पडलेली. पण ते असू दे, माझी तक्रार वेगळीच आहे. काय खावं हे सगळं लिहिलंय, पण जिभेला काही म्हणजे काही चव लागत नसताना ते घशाखाली उतरवायचं कसं यावर एक ओळ नाही.

मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि मग दर २१ दिवसांनी एक अशा आठ केमो. केस जाणार, उलट्या होणार हे शेजारच्या काकूंपासून सगळ्यांनी सांगितलं, चवीचं कुणीच बोललं नाही. पहिल्या केमोनंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी वरणभात कालवून दिला, वर तूप, लिंबू. घास घेतला तर पाच रुपयाचं जाड नाणं चघळतेय असं वाटलं. मी म्हणलं तूप खराब झालंय, मग नवीन डबा उघडला, डाळ बदलली, आणि दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड करून झाल्यावर लक्षात आलं की बिघडलंय ते माझं तोंड.

हॉस्पिटलच्या फाईलीत आहाराचा एक कागद होता, तो सगळा इंग्रजीत. खरी माहिती मिळाली ती तिसऱ्या केमोला सलाईन लावणाऱ्या सिस्टरकडून. त्या म्हणाल्या ताई, जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-पंधरा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात, आणि केमोचं औषध नेमकं अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतं, म्हणून तुमची चव जाते आणि पुढची केमो जवळ आली की जराशी परत येते. हे कळल्यावर मी हिशोबच बदलला. पहिला आठवडा जेमतेम ढकलायचा आणि तिसऱ्या आठवड्यात भरपूर खाऊन घ्यायचं.

त्यांनीच सांगितलं स्टीलचा चमचा बाजूला ठेवा. हसू नका, पण लाकडी चमच्याने खाल्लं की तो लोखंडी वास निम्मा कमी व्हायचा. पाणी काचेच्या ग्लासात. सासूबाई प्रेमाने तांब्याच्या तांब्यातलं पाणी देत होत्या, ते तर मला वाटीभर खिळे उकळल्यासारखं लागायचं, पण त्यांना सांगणार कसं? जेवायच्या आधी गुळण्या, लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, तोंड स्वच्छ झालं की पहिले चार घास तरी बरे जायचे. आणि गरम जेवणाचा वास जास्त येतो, त्यामुळे मी सगळं गार करून खायला लागले. फोडणीच्या वेळी तर मी सरळ गच्चीवर जाऊन बसायचे, आमचे हे हाक मारायचे तेव्हा खाली.

काय चाललं ते सांगते. आमसुलाचं सार, ताकात भाजलेलं जिरं आणि हिंग, मेतकूट-भात, लिंबाच्या लोणच्याचा खार. आंबट जिभेला जागं करतं. पण चौथ्या केमोनंतर तोंड आलं तेव्हा हेच सगळं निखाऱ्यासारखं झोंबलं, मग पंधरा दिवस गार खीर, मऊ दहीभात आणि कुस्करलेला बटाटा, तिखट-आंबट बंद. मटण कडू लागायचं, त्यामुळे ते सुटलंच. पण प्रोटीन सोडून चालत नाही, माझं वजन ५६ वरून ५१ वर आलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम तरी पाहिजे, म्हणजे मला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६, ग्लासभर दुधात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यात ७. आता करा बेरीज आणि बघा चव नसताना ही मजल कशी गाठायची ते! मी दाण्याचं कूट दह्यात घालायचे, दुधाची पावडर खिरीत, पीठ मळताना त्यात बेसन, आणि ताटभर एकदम न घेता दर दोन तासांनी वाटीभर.

यात भर म्हणजे नातेवाईक. जाऊबाई म्हणाल्या, एवढं करून देतात तर खायचे कसले नखरे. आणि व्हॉट्सॲपवर रोज एक फॉरवर्ड, साखर बंद करा कॅन्सर उपाशी मरेल, दूध बंद करा, अमक्याचा रस प्या. आधीच ज्या बाईला चार घास जात नाहीत तिच्या ताटातली खीरही काढून घ्यायची म्हणजे कमाल झाली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तुम्हाला शुगर नाही, खीर खा, पण बाहेरची चटणी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं बंद, पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन पटकन होतं. असल्या गोष्टी पेशंटगणिक बदलतात म्हणून आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

संपादक साहेब, ऑक्टोबरमध्ये तुम्ही ब्रेस्ट कॅन्सरची गुलाबी फीत छापता, ४ फेब्रुवारीला जागतिक कॅन्सर दिनाचं पूर्ण पान काढता. त्यातला एक कोपरा याला द्या, पोळीभाजी-वरणभात खाणाऱ्या माणसाला लागू पडेल असा, कुणा आहारतज्ज्ञाकडून नीट तपासून घेऊन. आणि हॉस्पिटलवाल्यांनाही सांगा, पहिल्या केमोलाच मराठीत एक कागद द्या, तिसरीपर्यंत पेशंटचं वजन उतरायची वाट बघू नका.

माझी शेवटची केमो होऊन चार महिने झाले. मधे एकदा सकाळच्या चहात आलं लागलं, मी यांना म्हणलं आज आलं जास्त टाकलंत का, तर हे म्हणाले रोज तेवढंच टाकतोय की. मटण मात्र अजून कडूच लागतं.

– एक वाचक, जि. सांगली